आयसी-७३००, लॅपटॉप आणि गच्चीवरची तार: ठाण्यातल्या फ्लॅटमधला दहा महिन्यांचा वापर

सुटं सुटं तपासलं तर माझ्या हॅम रेडिओ (हौशी बिनतारी) स्टेशनातलं प्रत्येक यंत्र पहिल्या दिवसापासून चोख चालत होतं. त्रास दिला तो त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींनी. म्हणून इथे रेडिओच्या कौतुकापेक्षा जोडांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

घोडबंदर रोडवरची सात मजली इमारत, स्टेशन सातव्या मजल्यावर. आयकॉम आयसी-७३०० हा रेडिओ, ३० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठा), विंडोज लॅपटॉप, १८ मीटर आरजी-५८ कोॲक्स केबल आणि गच्चीवर अँटेना म्हणून ४९:१ ट्रान्सफॉर्मरला लावलेली सुमारे २० मीटर तार, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या केबिनपर्यंत. ४०, २०, १५ आणि १० मीटर बँड यावर चालतात. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते याचं माप, १:१ म्हणजे उत्तम) जिथे थोडा वर जातो तिथे रेडिओतला ट्यूनर सांभाळून घेतो, पण ३:१ च्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

आधी वीज. १०० वॉटला रेडिओ २१ अँपिअरपर्यंत ओढतो. २.५ चौरस मिमीची वायर दोन मीटर लावली तर जाऊन-येऊन चार मीटर होते आणि २० अँपिअरला जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच जातो. एसएमपीएसवर हे जाणवत नाही. पण लाइट गेल्यावर बॅटरी १२.४ व्होल्टवर असेल तर रेडिओपाशी ११.८ च उरतात, आणि त्याची खालची मर्यादा साधारण ११.७ आहे. ४ चौरस मिमी घ्या, वायर शक्य तितकी आखूड ठेवा आणि मल्टिमीटर रेडिओच्या टोकाला लावून मोजा.

लॅपटॉपसाठी यूएसबीची एकच केबल पुरते, तिच्यातून आवाजही जातो आणि कंट्रोलही. ड्रायव्हर आधी टाका, केबल नंतर लावा. रेडिओच्या मेनूत सीआय-व्हीचा (आयकॉमची कंट्रोल पद्धत) यूएसबी पोर्ट रिमोटपासून अनलिंक करा, बॉड रेट (डेटाचा वेग) ११५२००, डेटा मॉड (ट्रान्समिटचा आवाज कुठून घ्यायचा) यूएसबीवर. यूएसबी सेंड (पोर्टच्या सिग्नलवरून ट्रान्समिट) बंदच ठेवा आणि पीटीटी (ट्रान्समिटचा हुकूम) कॅटवरून, म्हणजे कंट्रोलच्या आज्ञेतून द्या. नाहीतर लॅपटॉप सुरू होताना पोर्टचा सिग्नल हलतो आणि रेडिओ आपोआप ट्रान्समिटला जाऊ शकतो. डब्ल्यूएसजेटी-एक्स या डिजिटल संदेशांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिट ‘फेक इट’. विंडोजचे डिफॉल्ट स्पीकर लॅपटॉपचेच राहू द्या, म्हणजे मेलची टिंगटिंग हवेत जाणार नाही. केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली की साउंड कार्डाच्या नावापुढे ‘२-’ लागतं आणि सॉफ्टवेअरला ते सापडत नाही, म्हणून सॉकेट एकच ठरवून टाका. एफटी८ ला (१५ सेकंदांच्या ठरावीक खेपांत छोटे संदेश पाठवणारी डिजिटल पद्धत) घड्याळ सेकंदाच्या आत हवं. डीटीच्या (वेळेतला फरक) रकान्यात सगळीच स्टेशनं १.२ दाखवत असतील तर चूक आपल्या घड्याळाची.

खरी डोकेदुखी इथून पुढे. १४ मेगाहर्ट्झवर ६० वॉटच्या वर गेलं की माउस गोठायचा, यूएसबी तुटायची आणि रेडिओ ट्रान्समिटमध्येच अडकून राहायचा. टोकाला फीड दिलेल्या तारेचा परतीचा करंट कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरून वाहतो आणि थेट टेबलावर येतो. उपाय म्हणजे एफटी२४०-३१ या फेराइट रिंगवर आरजी-५८ चे १२ वेढे, म्हणजे तो करंट अडवणारा चोक. हा चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटवून बसवला तर काउंटरपॉइजच (तारेची दुसरी बाजू, परतीच्या करंटची जागा) उरत नाही आणि एसडब्ल्यूआर बिघडतो. दोन मीटर खाली बसवल्यावर कोॲक्सचा वरचा तुकडा ते काम करतो. तसाच दुसरा चोक खिडकीपाशी, केबल घरात शिरते तिथे. यूएसबी केबलवर लावलेल्या क्लिपच्या फेराइटने एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) काही फरक पडला नाही. त्यातून केबल एकदाच जाते, आणि अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोठ्या रिंगवर सहा वेढे घेतल्यावर १०० वॉटलाही यूएसबी टिकली. कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग वापरू नका. ती लोहचूर्णाची असते, या कामाची नाही. शिवाय रेडिओतला सीआय-व्हीचा टाइम-आउट टायमर तीन मिनिटांवर लावून ठेवा. यूएसबी तुटल्यावर सॉफ्टवेअर रेडिओला थांबवू शकत नाही, तो टायमर थांबवतो.

एफटी८ वर पॉवर ३५-४० वॉट पुरे. १५ सेकंदांपैकी जवळपास १३ सेकंद अखंड ट्रान्समिट असतं, त्यामुळे एफटी२४०-४३ वरचा २:१४ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर ८० वॉटला चांगलाच तापला.

जुलैत एसडब्ल्यूआर हळूहळू १.४ वरून २.३ वर गेला. ट्रान्सफॉर्मरचा डबा गच्च बंद होता, आतली वाफ थंड होऊन कनेक्टरवर थेंब धरले होते. डब्याच्या तळाला ३ मिमीचं भोक पाडलं आणि प्रश्न मिटला. पीएल-२५९ वर (कोॲक्सचा कनेक्टर) आधी पीव्हीसी टेप, त्यावर ताणून रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, वर पुन्हा पीव्हीसी. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलांसारखा एकावर एक येतो आणि पाणी शिरत नाही. कोॲक्स घरात घेताना खिडकीखाली झोळ सोडा. एकदा पाणी जाळीत शिरलं की ते आतल्या आत ओढलं जातं आणि अख्खी केबल बदलावी लागते. संक्रांतीनंतर तारेवरून हात फिरवून मांजा काढा, पातळ तारेचं इन्सुलेशन तो कापतो. पावसाआधीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात अँटेना काढून ठेवायची, याला पर्याय नाही.

रेडिओत ऐकू येणाऱ्या गोंगाटाचं काम अर्धंच झालंय. रेडिओ बॅटरीवर ठेवून घराचा मेन एमसीबी पाडला तर ४० मीटरवर रेडिओच्या सिग्नल-मीटरवरचा गोंगाट एस७ वरून एस५ वर आला. शोधताना दोन एलईडी ड्रायव्हर आणि एक चार्जर सापडले, ते बदलले. उरलेला गोंगाट लिफ्ट चालते तेवढाच वेळ वाढतो. मशीन रूम तारेपासून चार मीटरवर आहे, त्यामुळे पुढचं काम ठरलंय: कमिटीची परवानगी घेऊन तारेचं टोक गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचं.