खाज की वास? पांढरं जाण्यातला फरक ओळखा
सोलापुरात पारा ४२ वर गेला की घामाने ओले कपडे दिवसभर अंगावरच. खाज सुटली की मेडिकलमधून मिळेल ती गोळी आणली जाते. बायांनो, आधी नीट बघा.

फाटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं, वास जवळपास नाही, पण खाज आणि आग भयंकर? बहुधा कॅन्डिडा बुरशी. ती अंगात असतेच. अँटिबायोटिक, गरोदरपण किंवा वाढलेली साखर तिला फोफावू देते. विड्या वळणाऱ्या माझ्या मावशीला हे पुन्हापुन्हा व्हायचं, तपासलं तर मधुमेह निघाला!

पातळ, राखाडी, माशासारखा वास, खाज कमी? तो जिवाणूंचा बिघाड. त्यावर मेट्रोनिडाझोल लागतं, बुरशीचं क्लोट्रिमाझोल तिथे काहीच करत नाही. गरोदर असाल तर बुरशीवरची फ्लुकोनाझोलची गोळी स्वतःहून अजिबात घेऊ नका.