लाकडी फळ्यांसाठी नेलर: हाताचा की हवेचा?

न्यू जर्सीतील जुन्या घराच्या एका खोलीत जमिनीवर ओकच्या पाऊण इंच जाडीच्या फळ्या स्वतः बसवू पाहणाऱ्या मित्राने विचारले, की भाड्याने हाताचा नेलर (खिळे ठोकण्याचे यंत्र) आणावा की कॉम्प्रेसरवर चालणारा. दोन्ही यंत्रे फळीच्या जिभेतून (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या पातळ पट्टीतून) 45 अंशांच्या कोनात खिळा खालच्या प्लायवुडमध्ये उतरवतात, त्यामुळे पकडीत फारसा फरक नाही. फरक आहे तो श्रमांचा. हाताच्या नेलरमध्ये जड हातोड्याचा घाव हाच सगळा जोर असतो. तो कमी पडला की खिळ्याचे डोके वर राहते आणि पुढच्या फळीची खाच त्यावर अडते. रॅचेट (खिळा एकाच जागी टप्प्याटप्प्याने ठोकू देणारी दातेरी रचना) असलेल्या नेलरवर मात्र दुसरा, तिसरा घाव घालून ते खाली बसवता येते. दर 8 ते 10 इंचांवर एक खिळा, म्हणजे दिवसाला शेकडो घाव, आणि तेही कमरेत वाकून! हवेच्या नेलरला हलका ठोका पुरतो, परंतु दाब जास्त ठेवल्यास जीभच फुटते. शिवाय कॉम्प्रेसरचे भाडे, नळी आणि गोंगाट आलाच. भिंतीलगतच्या ओळींना दोन्ही निरुपयोगी. मित्राच्या एका खोलीला हाताचा नेलर पुरेसा आहे. संपूर्ण मजला किंवा हिकरीसारखे कठीण लाकूड असेल, तर हवेचाच घ्यावा.