बैठक असलेला चारचाकी वॉकर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने मी चाके नसलेला साधा वॉकर वापरला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हातांवर भार देऊन चालायचे असते तेव्हा तोच योग्य, कारण तो पुढे पळत नाही. पाय सावरल्यावर मात्र फिजिओथेरपिस्टने चार चाकांचा, हँडलला ब्रेक आणि मध्ये बैठक असलेला वॉकर, म्हणजेच रोलेटर, घ्यायला सुचवले. गेले आठ महिने तो मी रोज वापरते आहे.

चाकांचे कौतुक सगळेच करतात, पण माझ्या मते या वस्तूचे खरे मोल तिच्या बैठकीत आहे. आम्हा वयस्करांना चालणे जड जाते असे घरच्यांना वाटते. माझी अडचण उभे राहण्याची होती. चालताना भार एका पायावरून दुसऱ्यावर जात राहतो, पण एका जागी थांबले की पाच मिनिटांत कंबर भरून येते. त्यामुळे वाचक मंडळाच्या बैठकीला मी वेळेवर पोहोचत असे आणि बैठक आटोपल्यावर दाराबाहेर जी खरी चर्चा रंगते, ती निम्म्यावर सोडून निघत असे. हळूहळू मला कोणी थांबवेनासे झाले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. आता मी ब्रेकचे दांडे खाली दाबून अडकवते, दोन्ही बाजूंचा खट् आवाज ऐकते, वळते आणि बैठकीची कड पोटऱ्यांना लागली की हँडल धरून बसते. गेल्या खेपेस सर्वांत शेवटी निघालेल्या तिघांत मी होते.

हे साधन १९७८ साली स्वीडनमधील आयना विफाल्क यांच्या कल्पनेतून घडले. त्यांना स्वतःला तरुणपणी पोलिओ झाला होता, हे वाचून मला नवल वाटले नाही.

खरेदी करताना मात्र मी फसले. विक्रेत्याने कोणतेही माप न घेता हँडल वरच्या भोकात बसवून दिले आणि पंधरा दिवस माझे खांदे दुखत राहिले. नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगटाची घडी जिथे येते तिथे हँडल आणावे. पकडल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. एवढे सांगायला त्याला मिनिटही लागले नसते. चालतानाही वॉकर लांब पुढे ढकलून आपण मागून पुढे वाकत जायचे नाही, मागच्या दोन चाकांच्या मध्ये राहायचे, हेही मला फिजिओथेरपिस्टकडूनच कळले.

ब्रेकची तार वापराने सैल पडते. ब्रेक अडकवून वॉकर ढकलून पाहावा. चाक फिरले तर तार ताणून घेईपर्यंत त्यावर बसू नये. बैठक केवळ थांबलेल्या अवस्थेसाठी आहे. एकदा भाचीने प्रेमापोटी मला बसवूनच पुढे ढकलायला घेतले, आणि पुढचे लहान चाक फरशीच्या फटीत अडकताच आम्ही दोघी पडता पडता वाचलो. ही चाकांची खुर्ची नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे. उंबऱ्यावर तो उचलावा लागतो आणि न्हाणीघराच्या दारातून माझा तर जातच नाही, त्यामुळे तिथे भिंतीला पकडदांडे बसवून घ्यावे लागले.

माझी मोठी नाराजी वजनाबद्दल आहे. घडी एका पट्ट्याने सहज होते, पण घडी केलेला वॉकर गाडीच्या डिकीत चढवणे माझ्या हातांना झेपत नाही. त्यामुळे चालत जाण्याजोग्या ठिकाणी मी कोणाला विचारत नाही. गाडीने जायचे असले की आजही आधी फोन करून कोण रिकामे आहे ते पाहावे लागते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर दुकानात चालून पाहण्याआधी मी तो उचलून पाहीन.