फ्रान्स सर्व्हिसेसची फुकट खिडकी: इंग्लंडहून येणाऱ्यांच्या कितपत कामाची?

फ्रान्समधल्या लहान गावांत पोस्टात, मेअरीत (ही तिथली ग्रामपंचायत समजा) किंवा बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एखाद्या बसवर 'फ्रान्स सर्व्हिसेस' अशी पाटी दिसते. आत दोन टेबलं, संगणक, स्कॅनर, आणि सरकारी कामं ऑनलाइन कशी करायची ते शेजारी बसून दाखवणारी माणसं. आपल्याकडच्या सेतू केंद्राची आठवण व्हावी असं ठिकाण, फक्त इथे पैसे घेत नाहीत. पिवळी जाकिटं घालून सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या आंदोलनानंतर 2019 मध्ये योजनेची घोषणा झाली, जानेवारी 2020 मध्ये पहिल्या खिडक्या उघडल्या. आता त्या 2,700 च्या वर आहेत. आठवड्यात किमान 24 तास उघडी, पाच दिवस, निदान दोन कर्मचारी, असा नियम आहे.

योजना आखली ती मुख्यतः खेड्यातल्या फ्रेंच लोकांसाठी. पण 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटिश नागरिक युरोपीय संघाच्या बाहेरचे परदेशी झाले, आणि दोर्दोन्य, शारांत, ब्रिटनीच्या आतल्या भागात राहायला येणाऱ्या इंग्रजांपुढे कागदांचा असा ढीग उभा राहिला की या खिडकीवाचून त्यांचं पान हलेना. तेव्हा हे परीक्षण त्यांच्या बाजूने, कामागणिक.

आधी ही खिडकी काय करत नाही ते. व्हिसा तिच्या हातात नाही. 180 पैकी 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर इंग्लंड सोडण्याआधीच 'फ्रान्स-व्हिसा' संकेतस्थळावर अर्ज भरून लंडन, मँचेस्टर किंवा एडिंबरोच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत. सगळ्यांत महाग पडणारी चूक इथेच होते: सोपा म्हणून 'व्हिजितर' (पाहुण्याचा) व्हिसा घ्यायचा आणि नंतर काम शोधायचं. त्या व्हिसावर फ्रान्समध्ये नोकरी करता येत नाही, धंदाही नाही. नोकरी करायची तर मालकाने आधी काम-परवाना काढलेला हवा, आणि स्वतःचा धंदा असेल तर व्हिसाचा प्रकारच वेगळा. चुकीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला खिडकीवाले चहासुद्धा देऊ शकतील, पण काम नाही.

पोचल्यावर तीन महिन्यांत तो व्हिसा ऑनलाइन 'वैध' करून घ्यायचा असतो आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मुद्रांक विकत घ्यायचा असतो. 2025 मध्ये तो बहुतेक प्रकारांना 200 युरोंचा होता. दर बदलतात, म्हणून भरायच्या दिवशीचाच आकडा पाहावा. एवढं काम खिडकीवर अर्ध्या तासात होतं. पुढचं, म्हणजे दरवर्षीचं राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, मुदत संपण्याच्या चार ते दोन महिने आधी टाकायचं. उशीर झाला तर 180 युरोंचा वेगळा भुर्दंड. फोटो साधा चालत नाही. मान्यताप्राप्त यंत्रातून किंवा छायाचित्रकाराकडून मिळणारा 22 अक्षरांचा कोड लागतो, तो सहा महिने टिकतो आणि एकदाच वापरता येतो. वाहन परवान्यासाठीही तसाच कोड लागतो, म्हणून दोन कामं असतील तर दोन कोड घ्यावेत.

राहण्याच्या परवान्याच्या कामाला पाचपैकी दोनच गुण, आणि यात खिडकीचा दोष कमी. परदेशी नागरिकांच्या संकेतस्थळावर अर्ज अडकला की कर्मचाऱ्यालाही पडद्यावर तेवढंच दिसतं जेवढं अर्जदाराला दिसतं. निर्णय प्रिफेक्चरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयात. या संकेतस्थळाबद्दल फ्रान्सच्या नागरी हक्क रक्षकाने डिसेंबर 2024 मध्ये कडक अहवाल दिला होता. त्याआधी जून 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं होतं की संकेतस्थळावर अर्ज जमलाच नाही तर दुसरा मार्ग ठेवलाच पाहिजे. म्हणून अडकलेल्या पानाचा, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट प्रत्येक वेळी काढून ठेवावा. पुढे पोचवाली टपाल पाठवायची वेळ आली तर तोच पुरावा.

आता आरोग्य विमा. खिडकीची खरी कमाई इथे, पाचपैकी पाच.

ब्रिटनचं सरकारी पेन्शन घेणाऱ्याने तिथल्या आरोग्य खात्याकडून एस-1 नावाचा कागद (उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतं याचा दाखला) घेऊन यायचा. नोकरदाराचा हक्क काम सुरू झाल्यापासून लागू होतो. बाकीच्यांना तीन महिने सलग राहिल्यानंतर अर्ज करता येतो, तोवर खासगी विमा. अर्ज जातो जिल्ह्याच्या आरोग्य विमा कचेरीकडे. तिला तिथे सगळे 'सेपाम' म्हणतात. फॉर्म कठीण नाही. तरी तो परत येतो, आणि जवळजवळ नेहमी एकाच कागदापायी: जन्मदाखला.

इंग्लंडमध्ये जन्मदाखल्याची एक छोटी आवृत्ती मिळते, तिच्यावर आईवडिलांची नावं नसतात. फ्रान्समध्ये ती कवडीमोलाची. पूर्ण दाखला हवा, तोही शक्यतो नव्याने काढलेला. 'तीन महिन्यांच्या आतला' ही अट इंग्रजांना वेडेपणाची वाटते, कारण माणूस काही पुन्हा जन्मत नाही. पण फ्रेंच दाखल्याच्या समासात लग्न, घटस्फोट, मृत्यू यांच्या नोंदी होत राहतात, म्हणून फ्रेंच कारकुनाच्या डोक्यात जुना दाखला म्हणजे अर्धवट माहिती. इंग्लंडचा दाखला समासात असं काही लिहीत नाही, हे त्याला समजावण्यात वेळ घालवू नये. नवी प्रत मागवणं स्वस्त पडतं. अनुवाद मागितला तर तो न्यायालयाच्या यादीतल्या शपथबद्ध अनुवादकाचाच लागतो. मित्राने केलेला कितीही अचूक असला तरी परत येतो.

दुसरी गाठ नावाची. फ्रेंच सरकार माणसाला जन्मनावाने ओळखतं, लग्नानंतरचं नाव ही नुसती 'वापरातली' गोष्ट. ब्रिटिश पासपोर्टवर मात्र विवाहित बाईचं बहुधा सासरचंच आडनाव असतं. मग आरोग्य कचेरीत फाइल एका नावाने, करखात्यात दुसऱ्या, आणि दोन संगणक एकमेकांना ओळखेनात. यावर उपाय एकच: पहिल्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मवर जन्मनावाच्या रकान्यात माहेरचं आडनाव, वापरातल्या नावात सासरचं, आणि सोबत लग्नाचा दाखला.

ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या मराठी कुटुंबांचा तर इथे दुहेरी गोंधळ होतो. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव फ्रेंच यंत्रणा बिनदिक्कत दुसरं 'पहिलं नाव' म्हणून नोंदवते, आणि लग्नात नावच बदललेलं असेल तर विचारायलाच नको. नगरपालिकेच्या जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. ते आधी भारतातून दुरुस्त करून, त्यावर अपोस्टिलचा (कागद परदेशातही खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी) शिक्का घेऊन मगच निघावं. फ्रान्समध्ये बसून ते काम होता होत नाही.

कागद बरोबर असले की आधी आरोग्य विम्याचा तात्पुरता क्रमांक मिळतो, मग कायमचा. कायमचा 13 आकडी असतो, वर दोन तपासणी अंक: पुरुषाला 1, बाईला 2, मग जन्माचं वर्ष, महिना, परदेशात जन्म म्हणून 99, मग देशाचा संकेत. ब्रिटनचा 132, भारताचा 223. आलेल्या पत्रावर हे आकडे तपासून पाहायला दोन मिनिटं लागतात. जन्माचा महिना चुकला असेल तर त्याच दिवशी सांगावं, कारण आरोग्य विम्याचं हिरवं कार्ड, म्हणजे कार्त व्हिताल, याच क्रमांकावर छापलं जातं आणि पुढची तीस वर्षं हाच क्रमांक सगळीकडे लागतो. कार्ड येईपर्यंत डॉक्टरकडून तपकिरी कागदी पावती घेऊन टपालाने पाठवायची. साध्या डॉक्टरची फी डिसेंबर 2024 पासून 30 युरो आहे. त्यातले 19 परत मिळतात, पण 'आपला डॉक्टर' म्हणून एकाची नोंद केली असेल तरच. ती नसेल तर 7. खेड्यात नवे रुग्ण घेणारा डॉक्टर सापडणं हे वेगळंच दुखणं आहे, त्यावर खिडकीकडे औषध नाही.

कराचं काम. चार गुण. पहिल्या वर्षी करक्रमांक नसतो, म्हणून पहिलं विवरणपत्र बहुधा कागदावर: मुख्य फॉर्म 2042, परदेशी उत्पन्नाचा 2047, परदेशी बँकखात्यांचा 3916. हा तिसराच लोक विसरतात, आणि न दाखवलेल्या प्रत्येक खात्यामागे 1,500 युरो दंड आहे. इंग्लंडमधलं शून्य शिल्लक असलेलं जुनं खातंसुद्धा दाखवायचं. इंग्लंडमध्ये करमुक्त असलेलं आयसा बचत खातं फ्रान्समध्ये करमुक्त नाही, त्याचं व्याज इथे मोजलं जातं. खिडकीवाले फॉर्म समजावतात, रकाना दाखवतात. कर किती बसेल किंवा दोन देशांच्या करारात कोणतं पेन्शन कुठे करपात्र, हे सांगत नाहीत आणि सांगूही नये. त्यासाठी कर कार्यालयाचीच वेळ घ्यावी.

कामधंद्याकडे वळू. इंग्रज वस्तीत सुतार, गवंडी, बागकाम, भाड्याच्या खोल्या असे लहान धंदे फार, आणि बहुतेकजण 'मिक्रो-आँत्रप्रनर' ही सोपी नोंदणी घेतात. ती 2023 पासून एकाच सरकारी संकेतस्थळावर होते आणि फुकट आहे. नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांत सरकारी दिसणारी पत्रं येतात, 'नोंदवहीत नाव घालण्यासाठी' पैसे भरा म्हणून. ती फसवी असतात. शंका आली तर पत्र खिडकीवर न्यावं, कर्मचारी ते पाहताक्षणी ओळखतात.

सामाजिक सुरक्षेची वर्गणी उलाढालीवर बसते, नफ्यावर नाही. 2025 मध्ये माल विकणाऱ्याला 12.3 टक्के, कारागिरीच्या सेवेला 21.2 टक्के. म्हणजे 10,000 युरोंच्या कामात 6,000 चं सिमेंट-लाकूड असलं तरी वर्गणी पूर्ण 10,000 वर. म्हणून बांधकामवाले साहित्य गिऱ्हाइकालाच विकत घ्यायला सांगतात, ते यासाठी. उलाढाल शून्य असली तरी दर महिन्याला किंवा तिमाहीला 'शून्य' असं कळवायचंच, नाहीतर दंड. आणि इमारतीच्या मूळ कामाला हात लावणाऱ्याला दहा वर्षांचा 'देसेनाल' विमा सक्तीचा आहे, 1978 च्या कायद्याने. अंदाजपत्रकावर नोंदणी क्रमांक आणि विम्याचं नाव नसलेल्या इंग्रज मिस्त्रीला छत सोपवणारे इंग्रजच असतात. फ्रेंच शेजारी तेवढे भोळे नाहीत.

वाहन परवान्याबद्दल थोडक्यात. ब्रिटन-फ्रान्समधल्या 2021 च्या करारामुळे परीक्षा द्यावी लागत नाही. 1 जानेवारी 2021 च्या आधीचा ब्रिटिश परवाना संपेपर्यंत चालतो, संपायला सहा महिने उरले की बदलायला टाकायचा. त्यानंतर काढलेला असेल तर स्थायिक झाल्यापासून एका वर्षात. घाईने आधीच अर्ज टाकला तर तो फेटाळतात. हा अर्ज खिडकीवर उत्तम होतो. गाडी आणली असेल तर गोष्ट वेगळी: सीमाशुल्काचा 846 ए दाखला हातात नसेल तर खिडकीवर जाऊन उपयोग नाही.

इंग्रजी बोलणारे सल्लागार याच कामांचे पैसे घेतात. भाषा अजिबात येत नसेल, आणि फोनवर कुणीतरी भांडायला हवं असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत. मात्र त्यांच्याकडेही नोंदणी क्रमांक मागावा, आणि आपल्या खात्याचा पासवर्ड त्यांच्या ताब्यात देऊ नये. फ्रान्स सर्व्हिसेसमध्ये कर्मचारी तुमच्या वतीने काम करणार असेल तर आधी लेखी संमतीपत्र भरून घेतो. सल्लागाराकडूनही तेवढी शिस्त मागायला हरकत नाही.

कर्मचाऱ्याला इंग्रजी यावं असा नियम नाही. फोनवरच्या अनुवादावर काम भागतं, पण आत शिरताच 'बाँझूर' म्हणायचं, ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर पुढची वीस मिनिटं थंड जातात. पासपोर्ट, व्हिसाचं पान, तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल, पूर्ण जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि फ्रेंच बँकेचा खातेतपशील, हे सहा कागद प्रत्येक भेटीला न्यावेत, काम कुठलंही असो. मोबाइलचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून बऱ्याच ठिकाणी नाकारतात. मित्राकडे राहत असाल तर त्याचं सहीचं पत्र, त्याचं ओळखपत्र आणि त्याचं वीजबिल, तिन्ही हवीत.

वेळ फोनवरून घ्यावी. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत करविवरणाची गर्दी असते, त्या दिवसांत आरोग्य विम्याचं काम घेऊन गेलात तर दाराशीच पुढची तारीख मिळते. काही खिडक्यांवर नागरी हक्क रक्षकाचा प्रतिनिधी ठरावीक दिवशी बसतो, तोही फुकट. राहण्याच्या परवान्याचा अर्ज महिनोन्महिने हलत नसेल तर कर्मचाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारण्यापेक्षा त्या प्रतिनिधीचा दिवस विचारावा.