लपलेले सेटिंग फोल्डर आणि ‘एव्हरीथिंग’: मृगापासून तुरीपर्यंतचा वापर

मृगाच्या आसपास दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘एव्हरीथिंग’ हे फायली शोधायचं सॉफ्टवेअर टाकलं, आता तुरी कापणीला आल्या. घाटंजी तालुक्यातल्या गावात झेरॉक्स, पीकविमा, लग्नपत्रिका सगळं एकाच मशीनवर चालतं, म्हणून नवीन सॉफ्टवेअर घेताना माझा हात आखडताच असतो. हे व्हॉइडटूल्सचं आहे, फुकट आहे, आकारानं एवढूसं आहे आणि एकदा पेनड्राइव्हवरून आणलं की नेट लागत नाही. आमच्याकडे ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी.

मला ते हवं होतं एकाच कामासाठी, प्रोग्रामच्या सेटिंग कुठं दडल्यात ते काढायला. विंडोजमध्ये त्या बहुतेक ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात असतात. आत रोमिंग, लोकल आणि लोकललो असे तीन कप्पे. काही माल सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’त, तोही लपलेलाच. विंडोज आणि आर ही बटणं दाबून टक्क्याच्या दोन खुणांमध्ये इंग्रजीत ॲपडेटा लिहिलं की थेट रोमिंग उघडतं. तिथवर कुठल्याच सॉफ्टवेअरची गरज नाही. पण पुढं कोणत्या प्रोग्रामनं कोणत्या कप्प्यात काय ठेवलं, हे पाठ कोण करणार? विंडोजचं नेहमीचं सर्च ॲपडेटाकडे आपणहून फिरकतही नाही.

एव्हरीथिंग फोल्डर उघडून पाहत बसत नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या डिस्कवर सगळ्या फायलींच्या नोंदींचं एक मुख्य कोष्टक असतं, ते वाचतं. घरोघर न फिरता तलाठ्याचं दप्तर उघडावं, तसं. त्यामुळे दोन अक्षरं टाइप होईस्तोवर यादी समोर, लपलेल्या फायलींसकट. 10 लाख फायलींना साधारण 75 एमबी रॅम लागते, म्हणजे जुन्या मशीनलाही जड नाही.

खरी करामत तारखेची. ज्या प्रोग्रामचं ठिकाण हवं, त्यात एखादी किरकोळ सेटिंग बदला आणि प्रोग्राम बंद करा. बरेच प्रोग्राम बंद होतानाच फाइल लिहितात. मग शोधात इंग्रजी अक्षरांत ‘पाथ:ॲपडेटा डीएम:टुडे’ लिहा, म्हणजे ॲपडेटातल्या आज बदललेल्या फायली येतात, आणि यादी बदलाच्या तारखेनं लावा. आत्ताच हललेली फाइल वरच सापडते. फाइलचं नाव माहीत नसलेल्या प्रोग्रामलाही हे लागू पडतं, म्हणून मला हे नुसत्या नावाच्या शोधापेक्षा मोलाचं वाटतं.

नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा याचा फायदा झाला. त्यावर लिब्रेऑफिस कोरं होतं. पत्रिका टाइप करताना एका काकांनी विचारलंच, “माह्या गावाच्या नावाखाली लाल रेघ काऊन आली जी?” गावांची, आडनावांची शिकवलेली यादी जुन्या मशीनवर राहिली होती. ती रोमिंगमधल्या लिब्रेऑफिस फोल्डरात, ‘4’ नावाच्या फोल्डरात सापडली. आवृत्ती 24 असो वा 25, फोल्डर चारच! आतल्या ‘युजर’मध्ये ‘वर्डबुक’ (शिकवलेले शब्द) आणि ‘ऑटोकॉर’ (आपोआप दुरुस्त्या) हे दोन फोल्डर उचलले, नवीन जागी ठेवले, रेघा गेल्या.

क्रोमचे बुकमार्क लोकलमध्ये असतात, साधी फाइल आहे, नेता येते. पासवर्डची फाइल मात्र नेऊन उपयोग नाही, ती त्या मशीनवरच्या खात्याशी कुलूपबंद असते.

उणिवा आहेत. फाइलच्या आतला मजकूर ते आपणहून शोधत नाही. एक्सफॅट मांडणीचा पेनड्राइव्ह एव्हरीथिंगच्या सेटिंगमध्ये हातानं नोंदवावा लागतो. शिवाय यादीतून डिलीट दाबलं की खरी फाइल उडते, तेव्हा ॲपडेटात साफसफाईची हौस नको.

माझ्यासारख्या गिऱ्हाइकांची कामं करणाऱ्या दुकानवाल्यांनी एक बघावं. एव्हरीथिंग त्याच्या ‘सर्व्हिस’सह, म्हणजे मागं सतत चालणाऱ्या भागासह टाकलं तर साध्या खात्यातूनही अख्ख्या मशीनवरच्या फायलींची नावं दिसतात. लोक आधारच्या स्कॅनला माणसाचंच नाव देतात, आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक ते वाचू शकतं. म्हणून टाकतानाच सर्व्हिस नाकारून ॲडमिनिस्ट्रेटरचा पर्याय घ्या. उघडताना दर वेळी परवानगी मागेल, मागू द्या.