कांद्याच्या पाकळ्यांसारखी डॉयली: शटल घ्यावं की सुई?

टॅटिंग म्हणजे शटल (दोरा गुंडाळलेली होडीच्या आकाराची छोटी फिरकी) किंवा लांब सुई वापरून केलेली गाठींची लेस. नेहमीच्या टॅटिंग डॉयलीत (लेसच्या गोल रुमालात) रिंग (टाक्यांचं बंद कडं), मग चेन (टाक्यांची उघडी कमान), पुन्हा रिंग असा क्रम असतो. ‘ओनियन रिंग’च्या नमुन्यात मात्र एका रिंगभोवती दुसरी, कधी तिसरीही रिंग येते आणि सगळ्यांचा पाया एकच असतो; ही झाली एक पाकळी. साध्या लेसला शटल आणि सुई दोन्ही सारखीच चालतात. इथे मात्र फरक पडतो.

आधी टाक्यांचं गणित. आतली रिंग ४-४-४-४ (१६ दुहेरी टाके, म्हणजे दोन अर्ध्या गाठींचा एक टाका; मध्ये तीन पिको, म्हणजे दोऱ्याचे छोटे फास) असेल, तर बाहेरची साधारण ७-७-७-७ धरा आणि प्रत्येक सातानंतर आतल्या पिकोला जोडा. बाहेर टाके कमी पडले की आतली रिंग वाटीसारखी फुगते, जास्त झाले की दोन रिंगांमध्ये ढिली फट राहते. दोऱ्याची जाडी आणि हात यांनुसार एक-दोन टाक्यांचा फरक पडतोच, त्यामुळे एक नमुना करून बघितल्याशिवाय पूर्ण डॉयली सुरू करू नका.

शटलवर टाका घट्ट बसतो आणि बाहेरच्या रिंगचा पहिला टाका आतल्या रिंगच्या पायाला चिकटवून घेता येतो. या नमुन्याचं सौंदर्य त्या चिकटण्यातच आहे. तिथे उघडा दोरा दिसला की पाकळी लोंबकळते. शटलवर अडचण येते ती रिंग बंद करताना. पिकोला जोडताना साधा जोड घ्यायचा, म्हणजे बोटांभोवतीच्या दोऱ्याचा फास पिकोतून वर ओढून त्यातून शटल काढायचं. चुकून लॉक जोड (शटलच्या दोऱ्यालाच पिकोशी अडकवणारा जोड) झाला तर टाक्यांच्या आतून जाणारा दोरा तिथेच अडकतो आणि २८ टाक्यांची रिंग बंदच होत नाही. म्हणून प्रत्येक जोडानंतर शटलचा दोरा ओढून तो सरकतोय ना, हे बघायचं. बंद झालेली रिंग उसवणं फार जिकिरीचं असतं.

सुईचा मोठा फायदा इथेच आहे. टाके सुईवर डोळ्यांसमोर असतात, मोजता येतात, चुकलं तर सुई ओढण्याआधी उतरवता येतात. शटलवर गाठ शटलच्या दोऱ्यावरून बोटांवरच्या दोऱ्यावर पलटवावी लागते; टाका उलटवण्याची ती कसरत इथे नसल्यामुळे नवशिक्याचा हातही लवकर बसतो. पण टाक्याचा घेर सुईच्या जाडीवर ठरतो, त्यामुळे काम थोडं सैल आणि मोठं होतं. २० नंबरच्या दोऱ्याला ५ नंबरची सुई चालते. त्याहून जाड घेतली तर पाकळी आणखी लिबलिबीत होईल. शिवाय सुईवर रिंग बंद केल्यावर गाठ मारण्याची पद्धत आहे. तीन थरांच्या पाकळीत तशा तीन गाठी एकाच पायाशी साठल्या की तिथे गुठळी दिसते.

दोन रंगांत करायचं असेल तर प्रश्नच मिटतो: शटल. शटलवर रिंग शटलच्या रंगाची आणि चेन गुंडीच्या (दोऱ्याच्या गोळ्याच्या) रंगाची होते. सुईवर दोन्हींचे टाके गुंडीच्याच दोऱ्याचे पडतात आणि सुईतला रंग आतच दडतो.

दोऱ्याचा हिशेबही उलटा आहे. सुईतला दोरा फक्त आतून जातो, म्हणून तो लवकर संपत नाही. पण तोच दोरा पुन्हा पुन्हा टाक्यांतून ओढला गेल्याने त्याला लव सुटते. शटलवर मात्र रिंगांचे सगळे टाके शटलचाच दोरा खातात. दोन थरांची पाकळी सुरू करताना शटलवर मीटरभर तरी दोरा हवा. कमी वाटला तर नवा दोरा पाकळीच्या आधी जोडा, दोन थरांच्या मध्ये कधीच नाही.

निवाडा एवढाच: बारीक दोरा, दोन रंग किंवा तीन थर असतील तर शटल. एकरंगी, दोन थरांची, पहिलीच डॉयली असेल किंवा टाका उलटवणं जमत नसेल तर सुई. निम्मी डॉयली शटलवर आणि निम्मी सुईवर मात्र करू नका, टाक्यांच्या मापात फरक पडून गोलाकार तिरका होतो.

सुईवरच्या कामाला शेवटी जरा जास्त कडकपणा लागतो. डॉयली भिजवून थर्मोकोलवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून लावा आणि साबुदाण्याची पातळ खळ द्या. खळ दाट झाली तर पिको बुजतात.