डेस्कटॉपची धूळ काढायला ६०० वॉटचा हँड ब्लोअर: घ्या, पण चकतीवाला

हार्डवेअरच्या दुकानात हजार-दीड हजाराला मिळणारा वायरवाला ब्लोअर दाबलेल्या हवेच्या डब्यापेक्षा नक्कीच परवडतो. डबा दोन-तीन सफायांत संपतो, आणि तिरका धरला तर आतला थंडगार द्रव थेट मदरबोर्डावर (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डावर) उडतो. ब्लोअरची अडचण उलटी आहे. तो मुळात भुसा उडवायला बनवलेला, त्यामुळे जोर जरा जास्तच. म्हणून वॉटचा आकडा बघण्यापेक्षा वेग कमी-जास्त करायची चकती आहे का ते बघा. नसेल तर लांबूनच मारावा लागतो आणि कोपऱ्यातली धूळ तशीच राहते.

वापरण्याआधी पीसी शटडाउन करा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेट गॅलरीत न्या, तोंडाला मास्क बांधा. ब्लोअर जमिनीवरची धूळ मागून ओढून पुढे फेकतो, त्यामुळे कॅबिनेट स्टुलावर ठेवलेलं बरं. दोन्ही बाजूंची झाकणं काढा, पहिला झोत मोकळ्या हवेत सोडा, मग १५-२० सेंटीमीटरवरून दोन-तीन सेकंदांचे झोत द्या.

खरी गडबड पंख्यांशी होते. पाती मोकळी सोडली तर झोतामुळे पंखा नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करून ती बोर्डाकडे ढकलू शकते. प्रत्येक पंखा बोटाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने अडवूनच हवा मारा, ग्राफिक्स कार्डाचेही. प्रोसेसरच्या कूलरवर पंखा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्या मध्ये धुळीची गादी बसलेली असते. ती नुसत्या हवेने हलत नाही. एक इंची कोरड्या ब्रशने आधी सैल करावी लागते. स्वयंपाकघराच्या शेजारच्या पीसीत तेलकट थर बसतो, तिथे ब्लोअर जवळपास निकामी. त्या पात्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळाच हवा. मात्र ते पूर्ण वाळेपर्यंत ब्लोअर लांब ठेवा, कारण त्याच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात.

पॉवर सप्लाय कधीही उघडू नका, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वायर काढल्यावरही भरलेले असू शकतात. बाहेरून जाळीतून हवा मारली की पुरे.

सोबत मिळणारी पिशवी लावून व्हॅक्यूमसारखं वापरायच्या फंदात पडू नका. प्लॅस्टिकच्या नळीतून कोरडी धूळ धावली की स्थिर वीज साठते.

आवाज कानठळ्या बसवणारा आहे, दुपारच्या झोपेची वेळ टाळा. झाकण लावण्याआधी एखादी वायर पात्यात अडकत नाही ना, ते बघा. चालू केल्यावर पंखे फिरतायत पण स्क्रीन काळीच, असं झालं तर घाबरू नका. बहुतेक वेळा हलवाहलवीत रॅम (मेमरीची पट्टी) सैल झालेली असते. वायर काढून ती दोन्ही टोकांना ‘कट्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.